अर्धी मात्रा

खोटं बोलणारा माणूस मला काचेपलीकडून ओळखता येतो. तंजावूर जंक्शनच्या रिझर्वेशन काउंटरवर बत्तीस वर्षं बसले मी. कुणाची आजी खरंच आयसीयूत आहे आणि कुणाला नुसतं मेव्हण्याच्या लग्नाला जायचंय, ते मी फॉर्म हातात घ्यायच्या आधी सांगायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते या घमेंडीपायी केलं.

मुरली माझा धाकटा भाऊ, मुरलीकृष्ण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं ते मीच. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नोकरीला आहे. हुशार, बोलायला गोड, आणि पंधरा वर्षांपासून दारुडा. झालं, म्हटलं एकदाचं! हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. संध्याकाळी लाल डोळ्यांनी घरात शिरायचा. आप्पा विचारायचे, "कुठे होतास रे?" हा म्हणायचा, "देवळात. तीर्थ घेतलं." आप्पांना ते खरं वाटायचं की ते खरं वाटून घ्यायचे, देव जाणे. पुढे 'तीर्थ' हाच घरातला शब्द होऊन बसला. "आज तीर्थ जास्त झालंय वाटतं," असं त्याची बायको संगीता मला स्वयंपाकघरात म्हणायची. मग आप्पा गेले, आणि संगीता पापनाशमला माहेरी गेली ती गेलीच.

या जूनमध्ये लॅबमध्ये पोरांसमोर त्याच्या हातून ट्रे पडला. ट्रेमध्ये ॲसिड होतं. कुणाला लागलं नाही हे नशीब. प्रिन्सिपॉलांनी त्याला महिन्याची रजा घ्यायला लावली आणि बरा होऊन ये, नाहीतर येऊच नकोस, असं तोंडावर सांगितलं. त्याची मुलगी हरिता चेन्नईला शिकते. तिनंच मला फोन केला. "अत्ते, हल्ली हे ऑनलाइन होतं. डॉक्टर व्हिडिओवर बघतात, औषधं लिहून देतात, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलतात. बाबांना कुठं जायला नको, कुणाला कळायला नको."

मुरली तयार झाला, पण त्यानं एक अट घातली. डॉक्टर मराठी पाहिजे.

त्याचं चूक नव्हतं. मेलवीधीच्या आतली आमची गल्ली, घराला घर चिकटलेलं. या खोलीत तमिळमध्ये कुजबुजलं तरी शेजारच्या शेषाद्रींना आमच्या रसमात मीठ किती पडलं ते कळतं. मराठी मात्र त्यांना ओ की ठो कळत नाही. त्यामुळे चोरून बोलायचं, भांडायचं, रडायचं ते सगळं आम्ही मराठीत करतो. कडी लावल्यासारखं वाटतं. आणि खरं सांगू, मला आमच्या मराठीचा अभिमानही फार. मराठा राजांबरोबर इथं आलेली भाषा आमची. वाचता मला धड येत नाही, आमच्यात आता कुणालाच येत नाही. पण बोलण्यात पुण्यामुंबईच्या कुणाला हार जायची नाही, असं मी मानून चालले होते.

हरितानं पुण्याची डॉक्टरीण शोधली. पस्तिशीची असेल, केस आखूड, मागे भिंतीवर पुस्तकं. मी चार वाक्यं बोलले असेन नसेन, ती हसायला लागली. "अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही! जुन्या पोथीतल्यासारखं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोथीतल्यासारखं म्हणे! मी मुरलीला पडद्यासमोर बसवलं. भावाचा जीव हिच्या हातात होता.

पण कामाला ती पक्की होती. आधी रक्ताची तपासणी करायला लावली, बीपी मोजून मागवलं, मग चिठ्ठी पाठवली. दारू सोडली की दारूला सोकावलेलं शरीर उलटतं, ते आवरायला या गोळ्या, असं समजावलं. आणि मला बजावलं, "ताई, हे दहा दिवस घरात चोवीस तास कुणीतरी हवं. त्याला नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या, तो भलतंच बरळायला लागला, तर माझ्या कॉलची वाट बघायची नाही. थेट हॉस्पिटल. यात माणूस दगावतो. ऐकलंत ना?"

"ऐकलं," मी म्हटलं.

मग मी माझी अट घातली. चिठ्ठी घेऊन औषधं आणली आणि त्याचा फोन बंद करून माझ्या कपाटात कुलपात टाकला, दोस्तांचे कॉल यायला नकोत म्हणून. त्याला समोर बसवलं. "मुरली, एक थेंब घेतलास तर तुझी बॅग दारात. बहीण मेली समजायचं."

"कबूल, अक्का," तो म्हणाला.

सोमवारी सुरुवात केली. औषधाच्या दुकानवाल्यानं पाकिटावर खुणा करून दिल्या होत्या, सकाळी एक, दुपारी एक, रात्री दोन. दिवसाच्या चार. तीन दिवस बरे गेले. घाम यायचा, हात थरथरायचे, पण जेवायचा, झोपायचा. बुधवारी संध्याकाळी माझ्या फोनवर डॉक्टरणीचा कॉल झाला. पडद्यावर तिचा चेहरा सारखा थिजत होता. आवाज तुटत होता. बीपी बघून ती खूश झाली. म्हणाली, "छान. उद्यापासून मात्रा अर्धी करायची. चिठ्ठी पाठवतेच मी."

मात्रा म्हणजे काय ते तंजावुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ताप आला, मात्रा घे. डोकं दुखतं, मात्रा घे. दुकानवाला पट्टीतून कापून देतो ती मात्रा. तमिळमध्येही तेच म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. क्षणभर मनात आलं, चारवरून एकदम अर्धी? विचारावं का? पण ती हसली होती ते आठवलं. एका मराठी शब्दाचा अर्थ मी त्या पुणेकरणीला विचारू? छट्! शिवाय मला बरंच वाटलं. एक व्यसन सोडायला दुसरं, हे त्या गोळ्यांचं मला पहिल्यापासून पटत नव्हतं. चिठ्ठी मुरलीच्या नंबरावर येणार होती आणि तो फोन माझ्या कपाटात बंद पडला होता. मी तो उघडलासुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी सुरीनं एक गोळी मधोमध कापली. अर्धी त्याला दिली, अर्धी पुडीत बांधून ठेवली. दुपारी त्यानं विचारलं, "अक्का, आताची?"

"नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, दिवसाला अर्धी."

तो उठून आत गेला. रात्रभर खोलीत येरझारा घालत होता.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला दरवाजा वाजला म्हणून उठले, तर हा आत येत होता. कमरेची वेष्टी ओली, कपाळाला घाम, डोळे लाल. हात असे हलत होते की कडी लागेना.

"कुठे गेला होतास?"

"देवळात," तो म्हणाला. "झोप येईना म्हणून गेलो. तीर्थ घेतलं."

तीर्थ! माझ्या कानात पंधरा वर्षं एकदम वाजली.

"काय घेतलंस?"

"तीर्थ, अक्का. खरंच तीर्थ. गुरुक्कलनी हातावर घातलं ते."

मी त्याचं तोंड हुंगलं. तुळशीचा वास आला, दुसरा नाही. पण वास न येणारीही मिळते, हे मला त्यानंच एकदा नशेत सांगितलं होतं. मी दात आवळले आणि उरलेली अर्धी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. ती त्याच्या हातून दोनदा खाली पडली.

अकरा वाजता तो भिंतीपाशी उकिडवा बसलेला दिसला. बोटानं भिंत पुसत होता.

"काय करतोस?"

"मुंग्या. बघ ना, किती आल्यात. पायावर चढतायत."

भिंतीवर एक मुंगी नव्हती. डॉक्टरणीनं बजावलेलं मला आठवलं, खोटं कशाला बोलू? आठवलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. हा प्यालाय. पहाटे कुठूनतरी मिळवली, देवाचं नाव घेऊन प्याला, आणि आता मला मुंग्यांचं सोंग दाखवतो. काउंटरवर रडणारी किती सोंगं मी बघितली होती!

त्याची बॅग भरली. दोन शर्ट, दोन वेष्ट्या, टॉवेल. दार उघडून बॅग पायरीवर ठेवली.

"ऊठ. चालता हो."

"अक्का, मी प्यालो नाही."

"आप्पांनाही हेच सांगायचास."

"तेव्हा खोटं होतं," तो म्हणाला. दोन्ही हात काखेत दाबून उभा होता, थरथर लपवायला. "आज नाही. आज प्यालो नाही गं. तू घालवलंस तर मी दारूच्या दुकानातच जाईन. घालू नको मला बाहेर."

हे ऐकून मी जास्तच भडकले. मला धमकी देतो! मी त्याचा दंड धरला, बाहेर काढला आणि आतून कडी लावली. थोडा वेळ तो दाराला टेकून होता, ते कळत होतं. मग पावलं वाजली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले आणि रडत होते.

साडेबाराला डॉक्टरणीचा ठरलेला कॉल आला. मी एकटी फोनसमोर बसले.

"मुरलीकृष्ण कुठे आहेत?"

"घालवला. प्याला तो. तुमचं औषधही वाया, माझा जन्मही वाया."

"प्याले हे कसं कळलं?"

"हात थरथरतात. घामानं न्हालाय. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतो."

तिचा चेहरा बदलला. "ताई, दारू प्याल्यावर असं होत नाही. दारू शरीरात नसली की असं होतं. पण औषध चालू असताना इतकं व्हायला नको. काल आणि आज गोळ्या किती दिल्या?"

"तुम्ही सांगितलं तेवढ्या. अर्धी मात्रा."

"म्हणजे किती?"

"अर्धी म्हणजे अर्धी! सुरीनं कापून. काल अर्धी, आज अर्धी."

मला वाटलं पुन्हा पडदा थिजला.

"चाराच्या दोन करायच्या होत्या," ती हळू म्हणाली. "मात्रा म्हणजे डोस, ताई. औषधाचं प्रमाण. चिठ्ठीत लिहिलं होतं मी."

"मात्रा म्हणजे गोळी!" मी ओरडले. अजूनही ओरडतच होते बघा, चूक कळल्यावरसुद्धा.

"आता ते राहू दे. त्यांना शोधा. कधीही फेफरं येऊ शकतं. रस्त्यावर आलं, डोक्याला लागलं, तर संपलं. घरात आणू नका, थेट हॉस्पिटल. आणि फोन चालू ठेवा."

चपला पायात नीट घातल्या की नाही आठवत नाही. गल्लीच्या तोंडावर ऑटो पकडला. कुठे, त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून काय निघालं? जुन्या बसस्टँडमागचं दारूचं दुकान. अजून मी त्याला तिथंच शोधत होते. भर दुपारी साठीची बाई त्या जाळीसमोर उभी राहून पुरुषांची तोंडं बघतेय, सगळे वळून बघायला लागले. मुरली नव्हता. दुसऱ्या दुकानात नव्हता. स्टँडवर बाकांवर, बाकांखाली, तिरुवैयारुच्या बसमध्ये चढून बघितलं. नव्हता. प्रत्येक गर्दीत कुणीतरी खाली पडलंय असं वाटायचं आणि मी धक्के मारत आत घुसायची. पाऊण तास गेला. माझ्या हातून माझा भाऊ मेला, हे मी त्या ऑटोत बसून मोठ्यानं म्हणत होते, मराठीत. ऑटोवाला आरशातून बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. शेषाद्री. शेजारी राहून त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"मामी, कुठे आहात तुम्ही?" ते तमिळमध्ये म्हणाले. "मुरली आमच्याकडे आहे. मी ॲम्ब्युलन्स बोलावलीय."

आमच्या दारापासून दहा पावलांवर! मी धावत गेले ती त्याच दारावरून गेले होते.

शेषाद्रींच्या पुढच्या खोलीत मुरली खांबाला टेकून बसला होता. शेषाद्री त्याच्याशेजारी जमिनीवर, पंचाहत्तरीचा म्हातारा माणूस, आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून बसला होता. मुरलीची नजर माझ्यावरून गेली, पण ओळख दिसली नाही.

"साडेअकराला आला," शेषाद्री म्हणाले. "म्हणाला, मामा, मी कुडिकारन आहे. पंधरा वर्षं पितोय. पाच दिवस सोडलीय, आता पाय दुकानाकडे ओढतायत. अक्काला खरं वाटेपर्यंत माझा हात धरून बसाल का? मग मी बसलो. आता तासाभरापासून असा बरळतोय, तुमच्या भाषेत. मला कळेना, म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावली."

कुडिकारन म्हणजे दारुडा. जो शब्द गल्लीला कळू नये म्हणून पुण्याची डॉक्टरीण शोधली, तो यानं आपल्या तोंडानं, तमिळमध्ये, शेजाऱ्याला सांगितला होता. मी दार लावल्यावर तो दहा पावलं चालला, आणि दुकानाकडे चालला नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये त्याला पहिलं फेफरं आलं. डोळे फिरले, दात एकमेकांवर बसले, अंग ताडताड उडायला लागलं. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं. मिनिटभर असेल. मला वाटलं झालं सगळं.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतला डॉक्टर पोरसवदा होता. टॉर्च मारून डोळे बघितले, नाडी बघितली. "पितात?"

"पीत होता."

तो मुरलीवर वाकला. तमिळमध्ये मोठ्यानं विचारलं, "सार, शेवटचं कधी प्यालात?"

मुरली शुद्धीत येत होता, पण अर्धवट. त्याच्या तोंडून फक्त मराठी येत होती, लहानपणी बोलायचा तशी. "मुंग्या काढ गं," तो म्हणाला. मग, "तीर्थ. सकाळी तीर्थ घेतलं."

तेवढा शब्द डॉक्टरला कळला. तीर्थाचा तो दुसरा अर्थ तमिळमध्येही आहे. त्यानं नर्सकडे बघितलं. "आज सकाळीच घेतलीय."

"नाही!" मी म्हटलं. "देवळातलं तीर्थ. पाच दिवस थेंब घेतला नाही. गोळ्या चालू होत्या, त्या मी चुकून तोडल्या. चूक माझी आहे. चारवरून अर्धीवर आणलं मी." गोळ्यांची पट्टी पर्समध्ये होती, ती त्याच्या हातात कोंबली.

त्यानं पट्टी बघितली, मग मला. "मामी, नीट ऐका. दारू सोडल्यामुळे हे झालं असेल तर मला आत्ताच्या आत्ता याच औषधाचा मोठा डोस शिरेतून द्यायला हवा, नाहीतर पुन्हा फेफरं येईल. पण पोटात दारू असेल आणि वर हे गेलं, तर श्वास थांबू शकतो. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल. तेवढा वेळ नाहीये. सकाळी तो देवळात गेला तेव्हा तुम्ही बरोबर होता?"

"नाही."

"मग तुम्हाला नक्की माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. हीच तर गोष्ट आहे. मला काय माहीत होतं? शेषाद्रींकडे तो आला तो साडेअकराला. सकाळी साडेसहाच्या आधी तो कुठे होता, देवळात की आणखी कुठे, हे फक्त त्याला ठाऊक होतं, आणि पंधरा वर्षं त्यानं मला एकदाही खरं सांगितलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. बत्तीस वर्षं माणसं वाचली म्हणते ना मी, आज काही वाचता येईना. ओठाच्या कडेला फेस होता. बोटं चादरीवरून मुंग्या वेचत होती. आज प्यालो नाही गं, तो म्हणाला होता, आणि मी दंड धरून त्याला बाहेर काढलं होतं.

कॅज्युअल्टी माणसांनी भरलेली. आमच्या गल्लीतल्या दोघी तिघी ओळखीच्या दिसल्या. मी तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझा भाऊ दारुडा आहे. पण आज तो प्यालेला नाही. तो म्हणाला ना नाही, मग नाही. द्या इंजेक्शन. कुठे सही करू?"

डॉक्टरनं मान हलवली. नर्सनं सुई लावली.

पडदा ओढून घेतला त्यांनी, पण मी हलले नाही. त्याच्या छातीवर डोळे लावून उभी राहिले. छाती वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. एकदा खाली आली ती बराच वेळ वर जाईना, आणि मी त्या पोरगेल्या डॉक्टरचा हात इतका आवळला की त्याचं घड्याळ निसटलं. मग वर गेली. बोटं थांबली. मुठी सैल झाल्या. तासाभरानं नर्स म्हणाली, झोपलाय, चांगला झोपलाय.

संध्याकाळी शेषाद्री कॉफीचा थर्मास घेऊन आले आणि बाहेर बाकावर बसले. रक्ताचा रिपोर्ट आला होता. दारू नव्हती. रिपोर्ट डॉक्टरनंच मला वाचून दाखवला, मी काही विचारलं नाही.

सातच्या सुमाराला मुरलीनं डोळे उघडले. मला ओळखलं. जीभ चावली गेली होती, बोलणं जड येत होतं.

"अक्का, तीर्थच होतं गं."

"माहीत होतं मला," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला, म्हणून मी तो धरला. त्या दिवसात आमच्यातलं कुणी खोटं बोललं असेल, तर ते हे एवढंच, आणि ते मी बोलले.